नऊ मिलिमीटर

लेक वेल्सच्या पार्किंगकडेला
तैवानहून आलेलं शोभेचं झाड.
चपट्या शेंगा, बी अगदी हाताशी.

ओडालिस भिंगाखाली ढेकण्यांच्या सोंडा मोजते.
जुन्या पेटीतले, टाचणीवरचे, लांब सोंडेचे:
कपाळफोडीच्या फुग्यातली पोकळी ओलांडून
बीपर्यंत पोचायचं असे त्यांना.
झाडावरचे आखूड.
साठेक वर्षांत.

कुणी ठरवलं नव्हतं.
लांब, आखूड, मधले
एकाच वेलीवर आधीपासून नांदत होते,
एवढंच.

दुपारी हवानाहून आईचा फोन.
बोलताबोलता ओडालिसला एक शब्द सापडत नाही,
आई पलीकडून पुरवते.

मग पुढचा किडा.
आज सकाळीच याच झाडावरून उचललेला.
नऊ मिलिमीटर.
ती भिंग पुसते,
पुन्हा मोजते.
नऊच.