चार तास बारा मिनिटं

सुपीरियर गावात ऑक्टोबर तळ्यावरून येतो.
आधी खनिजाच्या बोटींचे भोंगे जड होतात,
मग आर्वोच्या मनगटाशी
गेल्या सालचा कोट आखूड पडतो.

सहावीच्या वहीत शेकडेवारीचं पान
तीन आठवडे कोरं आहे.
समासात फक्त एक मासा, चिडलेला.
मी ओरडले नाही. रात्रपाळी करून आलेल्या बाईला
ओरडणंही महाग पडतं.
लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला,
विजेच्या बिलाच्या पाकिटावर लिहिलं : एकशे चाळीस डॉलर.
म्हटलं, यात हिवाळा बसव.

आधी मापं.
माझ्या वडिलांची सुतारकामाची टेप, पोलादी,
छातीभोवती वळेना, गार लागली म्हणून तो खिदळला.
शेवटी सुतळी गुंडाळली, ती टेपवर ताणून धरली :
एकतीस इंच आणि वर एक बारकी रेघ.
"ही कसली?"
"आठवा भाग."
"अपूर्णांक घरात पण असतात?"
असतात रे. जास्त करून घरातच.

कोट नव्वदचा, शेकडा तीस सूट.
"साठ!" म्हणाला, आणि स्वतःच थबकला.
तीस शंभरातले. नव्वदातले सत्तावीस.
त्रेसष्ट,
माशाच्या शेपटीखाली त्यानं हळूच लिहून ठेवले.

मग वाचन. धडा वाचताना जांभया देणारा हा मुलगा
बोट ठेवून वाचत होता :
पाणी अडवतो, की पाणी सोसतो?
"एक नाहीये ते, आई."
पाच चांदण्या देणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं,
फार सुंदर, नाताळात नातवाला देणार.
"यांनी घातलाच नाही अजून कुणाला," तो म्हणाला,
आणि दोनच चांदण्या देणाऱ्या माणसाकडे गेला,
ज्याची चेन उणे वीसमध्ये अडकली होती.
त्याचं मात्र दोनदा वाचलं.

बूट बेचाळीस. लोकरी मोज्यांच्या दोन जोड्या, अठरा.
अस्वलाचा शर्ट पंधरा, तो कसा आला
मी विचारलं नाही.
एकशे अडतीस! दोन उरले!
आणि शेवटच्या पानावर, खाली, बारीक अक्षरात
कर : सात एकोणसाठ.
"हे कुणी मागवलं?"
"पहाटे रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीनं."
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला,
गाडी आत्ताच आल्यासारखा.

"तुला तासाला किती मिळतात?"
हातात पडतात पंधरा, मी सांगितलं. सांगायला नको होतं का?
त्यानं त्रेसष्टला पंधरानं भागलं.
चार पूर्णांक दोन.
"चार तास दोन मिनिटं?"
नाही. दशांश दोन म्हणजे तासाचा पाचवा भाग,
बारा मिनिटं.
म्हणजे मिसेस हालोनेनना अंघोळ, दोन चादरी,
कुशीवर वळवणं, पुन्हा वळवणं,
आणि त्या मला बहीण समजून बोलतात ते ऐकणं.
हे शेवटचं मी बोलले नाही.
शर्ट यादीतून गेला. माझ्या हातानं नाही.

खोकं आलं. बूट नेमके. कोटाची बाही
सुतळीला न जुमानता दीड इंच तोकडी.
आयुष्यातलं पहिलं पत्र त्यानं कुणी न सांगता लिहिलं :
तुमच्या तक्त्यात बारा क्रमांकाची बाही
जेवढी आहे, तेवढी खोक्यात नाही.
खाली पूर्ण नाव. सही लपेटेदार, नक्कल कुणाची ते माहीत नाही.
बदलून आला कोट,
परतीच्या टपालाचे सहा पंच्याण्णव कापून घेऊन.

दहा तेवीसमधून सहा पंच्याण्णव.
हातचा घेतला, पुन्हा घेतला, जीभ ओठाबाहेर.
तीन अठ्ठावीस.
"हे पुस्तकात नव्हतं," तो म्हणाला,
"चूक त्यांची आणि वजाबाकी आपली."

पाकीट आता फ्रिजवर चुंबकाखाली आहे.
बाकी, असं लिहिलंय, आणि पुढे आकडा.
शेकडेवारीचं पान अजून कोरंच आहे.
माशाला मात्र त्यानं
बाह्या काढल्या आहेत, लांब, दोन्ही.