शेबू मास्तरची चाल

युसेबियो पाल्मारेस हे नाव
दिवाळे गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही.
शेबू मास्तर म्हणायचे सगळे,
रेशनकार्डावरसुद्धा तेच.

हॉटेलातला बँड मोडला तेव्हा
ट्रम्पेट आणि एक पांढरा कोट घेऊन
खाडी ओलांडून आला, म्हणे दोन दिवसांसाठी.

पहिल्यांदा सूर लिहून दाखवले
ते बर्फाच्या कारखान्याच्या पावतीमागे.
मी म्हटलं, मास्तर, हे तर
वलांडीवर वाळत घातलेले बोंबील.
तो हसला, आणि पुढे सहा महिने
तसंच शिकवलं:
वरचा बोंबील, खालचा बोंबील,
शेपटीवाला लवकर संपतो.

हळदीसाठी त्यानं एक चाल बांधली.
तिच्यात मधेच आठ मात्रा
कुणीच काही वाजवत नाही.
दर मांडवात कोणीतरी ओरडतंच,
‘आरं वाजवा, झोपलाव का!’
इथं काय आहे, मी एकदा विचारलं.
पिस्टनला तेल देत म्हणाला,
‘इलोइलोची बोट धक्क्याला लागते तेवढ्यात.’

बारा वर्षं झाली त्याला जाऊन.
क्लॅरिनेट ओठांतून काढून
मी अजून मोजतो.

परवा सातव्यालाच
ढोलावरच्या नव्या पोरानं काठी मारली.
मी हात वर केला,
पुन्हा एकपासून धरलं.

मांडव ओरडत होता.