पासंग

दिवसाचे चाळीस डॉलर, जेवण वेगळं.
न्दाऊतून पोर्तुगीज, पोर्तुगीजमधून इंग्रजी,
आणि गाडी चिखलात रुतली तर ढकलायलाही मीच.

बुझी नदी त्या सकाळी अजून शेतांतच होती,
काजूच्या झाडांवर कंबरेइतकी गाळाची रेघ.
दोना फेलिझार्दा शाळेच्या पायरीवर बसली होती,
मांडीवर वही, उन्हात वाळून पापडासारखी कडक झालेली.
बातमीदार म्हणाला, विचार तिला, कसं वाटतंय.

ती अकरा मिनिटं बोलली.
कसं वाटतंय ते सोडून सगळं बोलली.

म्हणाली, दुसऱ्या रात्री तोमे आला डोणी घेऊन,
वल्हं वाहून गेलेलं, हातात चर्चच्या बाकाची फळी.
चौदा खेपा केल्या त्यानं.
पंधराव्या खेपेला परत आली ती नुसती फळी.
म्हणाली, कुणाचं पीठ कुणी खाल्लं,
कुणाची शेळी कापली, आहे सगळं या वहीत;
पाणी उतरलं म्हणून देणं उतरत नाही.
म्हणाली, मक्याच्या बियाण्याची पोती आलीत, लाल अक्षरांची,
बियाणं चांगलं आहे,
पण हा गाळ मक्याचा नाही, रताळ्याचा.
वेल माझ्या बहिणीकडे आहेत, वर टेकाडावर.
एक ट्रक, एक फेरी, जमीन ओली आहे तोवर.
मग ट्रकचा रस्ताच सांगत बसली,
कुठला पूल पडलाय, कुठल्या फाट्याला वळायचं.

बातमीदारानं बोट हवेत गोल फिरवलं : आवर.
मी आवरलं.
‘ती म्हणते, आमचं सगळं गेलं. मदत आली, देवाची कृपा.’
देवाचं नाव तिनं एकदाच घेतलं होतं,
तोमेबद्दल बोलताना,
आणि ते कृपेसाठी नव्हतं.

संध्याकाळी बेइरातल्या हॉटेलात
एक बाजू संस्थेच्या प्रवक्तीची, जनरेटरच्या उजेडात,
दुसरी सरकारी साहेबांची, इस्त्रीच्या शर्टात.
ती म्हणाली ट्रक कमी, ते म्हणाले ट्रक पुरेसे.
दोघांना चाळीस-चाळीस सेकंद.
झाला बॅलन्स, म्हणाला बातमीदार, आणि बिअर मागवली.

माझा बाप बाजारात सुकी मासळी विकायचा.
तराजूच्या एका पारड्याखाली
मेणानं चिकटवलेला खडा होता, बोराएवढा.
दांडी अगदी सरळ राहायची,
गिऱ्हाईक समाधानानं घरी जायचं.
त्या रात्री उगाच मला त्या खड्याची आठवण आली.
उगाच नाही.

बातमी सातव्या दिवसापासून सुरू झाली,
कारण कॅमेरा सातव्या दिवशी आला.

तीन आठवड्यांनी गेलो, माझ्या पैशांनी, मिनीबसच्या टपावर.
गाळ वाळला होता, भेगेत बोट जाईल इतका.
शाळेच्या मागे ती मका टोचत होती.
‘दाखवलं?’
दाखवलं, म्हटलं. तुझा चेहरा, अगदी जवळून.
ती कुदळीवर रेलून थांबली.
‘आणि रताळी?’

मी म्हटलं, वही दे. उतरवून घेतो.
‘सगळी?’
सगळी.
‘आधी ही ओळ होऊ दे,’ ती म्हणाली,
आणि बियाण्याची मूठ माझ्या हातात रिकामी केली.