चीक

गोर गावच्या शाळेत अठरा वर्षं
मी संडास धुतोय.

आधी थोटकं सापडायची,
टाकीच्या झाकणाखाली, खिडकीच्या खाचेत,
ओली, फुगलेली, एखाद्यावर लिपस्टिक.
फरशीवर भाजल्याचे डाग.
आत कुणी खोकलं की मी बाहेर बादली वाजवायचो,
पळायला वेळ मिळावा म्हणून.

आता राख नाही.
आता भिंतींना आंब्याचा वास येतो.
इथे कुठला आंबा?
इथे मेंढ्या, दक्षिणेचा वारा,
जूनमध्ये पाचलाच अंधार.

मिसेस ड्रमंडच्या टेबलावर आलेख होता.
एक रेघ घसरत घसरत तळाला टेकलेली.
तिच्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
"बघ टावीता, सिगारेट संपत आली."
दुसरी रेघ वर चढून
त्यांच्या कॉफीच्या कपाखाली गेली होती.
मुद्दाम नसेल.

मंगळवारी शाळा सुटल्यावर हिनेवाई आली. नववीतली.
मी कचऱ्याच्या पिशव्या बांधत होतो.
"माझं हायलायटर पडलं इथे."
हायलायटर मला सापडलं होतं.
पोट कोरून आत बसवलेली ती नळी,
गुलाबी, करंगळीएवढी.

ती माझ्याकडे बघत नव्हती, पिशवीकडे बघत होती.
अंगठा तर्जनीवर घासत होता, थांबतच नव्हता.
तो अंगठा मी ओळखतो.
एक्क्याण्णव साली तो माझा होता,
कत्तलखान्याच्या फाटकाबाहेर, लायटर ओला झालेला.

"रात्री जाग येते," ती म्हणाली. "उशीखाली असते ना."

माझी सिगारेट कधी उशीखाली झोपली नाही.
तिच्यासाठी उठावं लागे, दार उघडून
थंडीत जावं लागे,
आणि शेवटी ती विझायची तरी.

मी दिली नाही.
नर्स शुक्रवारी येते, एवढंच सांगितलं.
शुक्रवार फार लांब होता, दोघांनाही कळत होतं.

मग काय बोलावं न सुचून
सामोआतल्या आमच्या झाडाचं सांगितलं.
देठाशी चावलं की चीक लागतो, ओठ भाजतो,
आठवडाभर फोड. पोरं पुढच्या वेळी
जपून खातात.

तिने ओठांवरून जीभ फिरवली.
"याला नाही लागत काही," म्हणाली.

बस गेली तिची.
मी दुसरा मॉप काढून दिला.
अंधार पडेपर्यंत ती व्हरांडा पुसत राहिली,
पुसलेलाच पुन्हा,
दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून.