कापडाला चोवीस तास

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या शेडमध्ये,
कापड आलं की आधी त्याला निजवायचं.
गुंडाळी सोडून टेबलावर सैल पसरायचं,
चोवीस तास हात लावायचा नाही.
सुरतेहून ताणून आलेलं असतं ते,
घाईनं कापलं तर नंतर आखडतं,
चौतीसची छाती बत्तिशीवर येऊन बसते
आणि परदेशातून पत्र येतं.

काब्राल मॅनेजर विचारतात,
चोवीसचे अठरा होणार नाहीत का?
मी म्हणते, कापडाला विचारा.

बसमध्ये कुणी विचारलं, काय शिवता गो तुम्ही,
तर आम्ही म्हणतो, गारमेंट.
स्पोर्ट्स ब्रा म्हटलं की कंडक्टरसुद्धा
खिडकीबाहेर बघायला लागतो.

एक नमुना शिवणं, त्यात काय मोठं.
एक म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती.
चाळीस हजार म्हणजे जत्रा,
तिथं कुणी ना कुणी हरवतंच.
बावीस तुकडे, अकरा जणींचे हात,
प्रत्येकीची ओढ वेगळी.
शेवंतीचं इलॅस्टिक सकाळी ताठ लागतं,
मुलगा तापात असला की आणखी ताठ.
जेवणानंतर सगळ्यांचंच ढिलं.
खालचा पट्टा अर्धा सेंटीमीटर ढिला पडला
की सगळं ओझं खांद्यांवर.
हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगायला लागलं नाही.

सुई मोडली की मशीन बंद.
तुकडे शोधायचे, कागदावर चिकटपट्टीनं जोडायचे,
अख्खी सुई भरली तरच पुढचा टाका.
एकदा टोक सापडेना म्हणून पूर्ण लाईन
चुंबक घेऊन गुडघ्यांवर, पाऊण तास.
मिळालं ते मार्सेलिनाच्या चपलेच्या तळव्यात.
त्या दिवसाचं टार्गेट गेलं.
कुणी कुणाला बोललं नाही.

मापांचा तक्ता आला तो दूरच्या बायकांचा.
आमच्यात धावतं कोण?
पावणेआठच्या बसमागे धावतो तेवढंच.
एक दीक्षिता सोडून.
धाग्यांची टोकं कापायला नवी लागलेली,
कापणी झालेल्या शेतात फुटबॉल खेळणारी.
चहाच्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाली,
"बाय, धावताना हो पट्टो वर चडता."

तुला कसं कळलं, असं विचारायला हवं होतं.
विचारलं नाही.
सोमवारी जेवणाच्या वेळी ड्रायव्हरांना चहाला पिटाळलं,
गेट लावलं,
आणि तिला नमुना घालून धावायला सांगितलं,
शेडपासून चिऱ्यांच्या गडग्यापर्यंत, अकरा फेऱ्या.
खिडक्यांत डबे हातात धरून सगळ्या जणी.
सहाव्या फेरीला कुणीतरी शिट्टी मारली,
प्रेमावतीच असणार.

परत आली तेव्हा बरगडीवर लाल रेघ होती.
मी टेप लावून मोजली. पत्र लिहिलं:
पट्टा सहा मिलिमीटर रुंद करावा.
उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, एका ओळीचं.
नमुना मंजूर आहे.

मग चाळीस हजार तशाच गेल्या,
मापात अचूक, टाक्यात अचूक.
रिजेक्ट झालेल्या तीनशे सहा
नियमाप्रमाणे आम्हीच कात्रीनं मधोमध कापल्या.
दीक्षितानं त्यातली एक मागितली होती.
देता आली नाही.

कटिंगच्या चिंध्यांतून एक निघाली.
पाठ एका लॉटची, पुढा दुसऱ्या,
निळ्याला निळा जुळत नाही, लाईनवर पहिल्या नजरेत बाद.
इलॅस्टिक म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं,
सहा मिलिमीटर जास्त.
कापण्याआधी ते कापडसुद्धा
माझ्या जेवणाच्या टेबलावर चोवीस तास पडून होतं.
नवऱ्यानं दोन वेळा ताट मांडीवर घेतलं.

रविवारी मी बांधावर उभी होते.
मला फुटबॉलमधलं काही कळत नाही,
मी नुसती तिचे हात बघत होते,
मध्येच खाली जातात का, पट्टा ओढायला.
चार गोलांनी हरल्या.
हात एकदाही गेला नाही.