पायांची वही

या बेटावर मी चेहऱ्याआधी पाय ओळखते.
पडद्याखालून दिसले की पुरे :
हा तौकिएई, टाचेला भेग,
ही लितिया, करंगळीचं नख काळं,
आणि हा पेनिएली. त्याचा एकच.

फुनाफुटीची पट्टी इतकी अरुंद
की दवाखान्याच्या एका खिडकीत लगून, दुसरीत समुद्र.
मधे टेबल, स्पिरिटची बाटली, निळ्या पुठ्ठ्याची वही
आणि साखर मोजायच्या अकरा पट्ट्या.
सुवाहून जहाज पुढल्या पंधरवड्यात. किंवा त्याच्या पुढल्या.
आधी तांदूळ उतरेल, नूडल्स, साखरेच्या गोणी.
पट्ट्या तळाशी असतात. नेहमीच.

माझी आई पुलाकाच्या खड्ड्यात कमरेइतकी उतरायची,
चिखलाने माखलेला कंद काढून
मूल न्हाऊ घालावं तसा धुवायची.
आता खड्ड्यात खालून खारं पाणी येतं,
पानं कडेने पिवळी, कंद हाताला बुळबुळीत.
म्हणून टिनचं मटण. त्यासाठी चिखलात उतरावं लागत नाही.
लोकांना मी रागावते तेव्हा
माझ्याही पिशवीत दोन टिन असतात.

गेल्या वर्षी एक तज्ज्ञ आले, तीन दिवस.
भिंतीवर चित्र लावून गेले : सफरचंद, ब्रोकोली,
आणि काहीतरी जांभळं, ज्याचं नाव कोणालाच आलं नाही.
मुलं अजून त्याला बोट लावून विचारतात,
हे फूल आहे का?

रोज किती चालता? फॉर्मवर तसा चौकोन आहे.
तौकिएई हसला. चालून जाऊ कुठे, सिस्टर?

दुखतं का?
नाही.
हे नाही ऐकलं की माझ्या पोटात खड्डा पडतो.
दुखतो तोवर पाय घरचा असतो.
मुंग्या येतात?
यायच्या. आता नाही येत.

तरुण पोरं काढता पाय घेतात, ऑकलंडला, सुवाला.
मागे राहिलेल्यांचे आम्ही काढतो.
या वाक्यावर मी एकदा हसले होते,
ऑपरेशनच्या रात्री, हात धुताना.
कोणाला सांगितलं नाही.

पेनिएलीचा पाय त्याच्या बायकोने मागून घेतला.
पांढऱ्या कापडात गुंडाळून दाराशेजारी पुरला,
सासूसासऱ्यांच्या थडग्यांलगत,
वर प्रवाळाचे खडे, कडेने शिंपले.
फेब्रुवारीच्या मोठ्या भरतीला
पाणी किनाऱ्यावरून आलं नाही,
जमिनीतूनच वर आलं, बुडबुडे काढत,
आणि शिंपले अंगणभर पांगले.
पेनिएली खाटेवरून बघत होता. म्हणाला,
बघ, चालायला लागला.

उकाड्यात अर्धं गाव धावपट्टीवर निजायला येतं.
विमान नसतं तेव्हा ती आमचीच असते.
चटया, उशा, कोणाचा तरी रेडिओ.
संध्याकाळी मी सगळ्यांना तिथे पाय मोकळे करायला लावते,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
लितिया शिव्या देत चालते, पण चालते.

मग मीही आडवी होते. डांबर अजून कोमट.
डाव्या तळव्यावर काहीतरी चालतं. बारीक. ओळीने.
झटकते. चटईवर काही नसतं.

अकरा पट्ट्या.
उद्या लितियाची. परवा नानुमेआहून बोट,
तिच्यात किती जण, ते आल्यावर कळेल.
वहीत माझ्या नावाचं पान नाही.

सकाळी विमानाचा भोंगा वाजतो.
माणसं चटया गुंडाळतात, मुलं कुत्री हाकलतात,
सगळे कडेला होतात.
मीही उठते.
डावा पाय
जरा मागून येतो.