हिरवा, ओला असताना

त्या वर्षी माझ्या बापाला काम लागलं,
सरकारी. स्टोनीबॅटरच्या आमच्या गल्लीत कुणाचा विश्वास बसेना.
सरकारच जेमतेम तीन महिन्यांचं होतं,
त्याला बसायला अजून धड खुर्च्या नव्हत्या,
पण रंग होता. पिंपंच्या पिंपं. हिरवा.

काम एवढंच: डब्लिनमधल्या लाल टपालपेट्या
हिरव्या करायच्या.
नव्या ओतायला पैसे कुठले!
लंडनच्या राणीचा मुकुट, तिची बाकदार अक्षरं
लोखंडात, पेटीच्या पोटावर, ती तशीच.
वरून दोन हात.
बाप म्हणायचा, "सोयरीक मोडली,
भांडी मात्र ठेवून घेतली."

डिनीकाका हसला नाही.
दोघे भाऊ एकाच ब्रशवर शिकलेले.
काका म्हणाला, ख्रिस्टी, कुलूप तेच आहे.
बाप म्हणाला, किल्ली तर आली ना आपल्याकडे.
"एक किल्ली," काका म्हणाला,
आणि आईने बशी आपटली, कारण बटाटे निवत होते.
त्या वर्षी घरोघरी जेवण असंच निवत होतं.

एप्रिलात काका बंदूक घेऊन कोर्टाच्या इमारतीत शिरला
आणि तिथेच राहिला.
मी सात वर्षांची. आई माझ्याकडे सोड्याचा पाव द्यायची,
काटेरी तारेपलीकडून तो हात लांब करायचा.
"आज किती पेट्या?"
"चार."
"बापाला सांग, कडा नीट कर. घाईत ओघळ सोडतो."

जून संपता संपता नदीपलीकडून तोफा सुरू झाल्या.
तोफाही उसन्या, म्हणे. जुन्या मालकाकडून आणलेल्या.
दोन दिवस कपाटातल्या बश्या आपसात कुजबुजल्या.
तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवणाच्या सुमाराला
असा आवाज झाला
की आमचा बोका महिनाभर पलंगाखालून निघाला नाही.

मग आभाळातून कागद.

कोर्टाच्या आवारातला दफ्तरखाना उडाला होता.
शेकडो वर्षांची मृत्युपत्रं, शिरगणतीची पानं,
कुणाची जमीन, कुणाचं बाळ, कुणाला वाचता येत होतं
आणि कुणी नुसता अंगठा दिला होता,
सगळे गच्च्यांवर, कौलांवर, लिफीच्या पाण्यावर उतरत होते.
कुणी सांगितलं, हाउथच्या समुद्रापर्यंत पोचले.
आमच्या वाळत घातलेल्या चादरीवर एक आला.
हात लावला तर नाहीसा झाला.
आईने छातीवर क्रूस काढला, मग चादर परत धुतली.

बापाने त्या दिवशी घरी थांबायला हवं होतं.
पण शनिवारी हिशेब, आणि हा रोजावरचा माणूस.
ऑक्समनटाउन रोडच्या कोपऱ्यावरची पेटी नुकती रंगवून झालेली,
ओली,
तिच्यावर येऊन चिकटला एक तुकडा, तळहाताएवढा.
कडा काळ्या. मधोमध तपकिरी शाई, वळणदार:
तांबडी गाय धाकटीला, आणि भांडी
पुढचं जळलं होतं.

मुकादम म्हणाला, खरवड.
बापाने पटाशी काढली. बघितलं. ठेवून दिली.
ब्रश भरून घेतला,
आणि त्या गाईवरून एक हात दिला,
मग दुसरा,
कडा नीट, एकही ओघळ न सोडता.

काका दीड वर्षाने तुरुंगातून सुटला
आणि परस्पर अमेरिकेला गेला, ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत.
बापाशी बोलला नाही तो नाहीच.
बाप वारला तेव्हा मी पत्र लिहिलं,
टाकलं त्याच पेटीत.
चार महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं:
त्याचे ब्रश कुणाकडे आहेत?

माझ्याकडे आहेत. मी तसं कळवलं. पुढे काही आलं नाही.

आता हिरव्यावर हिरव्याचे किती थर, कोण मोजतो.
राणीचा मुकुट बोथट झालाय, गालफुगीसारखा.
त्याच्या खाली, डावीकडे,
नखाला एक उंचवटा लागतो, कागदाच्या जाडीचा, किंवा
माझा तसा समज आहे.
पेटी उघडायला येणारा पोरगा विचारतो, बाई, काय चाचपताय?
सांगते, गंज धरलाय का बघते.

धाकटीला गाय मिळाली, असं मी धरून चालते.
भांड्यांचं माहीत नाही.